चाकांवर चढलेलं घर

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या एक्सेटर शहरात एक तीन मजली घर चढ चढून वर गेलं. ते उतरवलेलं नव्हतं, त्याचे तुकडेही केलेले नव्हते. खांब, तुळया, मजले, छप्पर सगळं जागच्या जागी ठेवून, २१ टनांहून जास्त वजनाचं ते अख्खं घर लोखंडी चाकांवर ठेवलं गेलं आणि रुळांवरून ओढत सुमारे ७० मीटर वर नेलं गेलं. हे काम काही दिवस चाललं. बघायला लोक जमत होते, टेलिव्हिजनचे कॅमेरे आले होते. घर नव्या जागी पोचलं आणि तेव्हापासून त्याचं जुनं नाव मागे पडलं. आधी ते फक्त ‘एडमंड स्ट्रीट, क्रमांक १६’ होतं. आता एक्सेटरमध्ये कुणालाही विचारा, ‘हाउस दॅट मूव्ह्ड’ (हललेलं घर) म्हटलं की बोट वेस्ट स्ट्रीटकडे जातं.

हे घर पंधराव्या शतकातलं आहे. म्हणजे हलवलं तेव्हा त्याचं वय साडेचारशे वर्षांहून जास्त होतं. इतकं जुनं घर उचललं तर त्याचा चुरा व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही याचं श्रेय १९६१च्या अभियंत्यांना आहेच, पण त्यातला मोठा वाटा पंधराव्या शतकातल्या सुतारांचा आहे. म्हणून आधी त्यांचं काम समजून घेऊ.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शहरातलं बरंचसं घरबांधकाम सुताराच्या हातात होतं. लाकूड ओकचं, आणि तेही ओलं. झाड तोडलं की शक्यतो लवकर त्याचे खांब-तुळया घडवायला घेत, कारण ओला ओक कुऱ्हाडीला आणि किकऱ्याला सहज वश होतो. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्यारांची धार जाते. घराचा सांगाडा बांधकामाच्या जागेवर नव्हे, सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा मांडून घडवला जाई. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात त्या मापाचं भोक पाडायचं, कुसू त्यात बसवायचा आणि आरपार छिद्रातून ओकचीच खुंटी ठोकायची. यातली खुबी अशी की कुसूतलं छिद्र आणि बाहेरच्या लाकडातलं छिद्र मुद्दाम किंचित पुढेमागे ठेवलेलं असे. खुंटी आत जाताना थोडी वाकते आणि दोन्ही लाकडांना एकमेकांकडे खेचते. पुढे वर्ष-दोन वर्षांत ओला ओक वाळतो, आकसतो आणि सांधा आणखी आवळला जातो. सांगाडा पेलण्यासाठी लोखंडी खिळ्याची गरजच पडत नाही.

सगळे सांधे जुळले की प्रत्येक लाकडावर खुणा कोरल्या जात. त्या बहुधा रोमन आकड्यांसारख्या सरळ रेघांच्या असत, कारण पटाशीने सरळ रेघ मारणं सोपं. हाताने घडवलेला प्रत्येक कुसू फक्त त्याच्याच भोकात बसत असल्यामुळे कोण कुणाचा जोडीदार हे लिहून ठेवणं भागच होतं. मग सांगाडा सुटा करून गाड्यांवर लादायचा, जागेवर न्यायचा आणि खुणा जुळवत उभा करायचा. इंग्लंडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर दिवा घेऊन चढलं तर या खुणा अजून वाचता येतात. आज कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडणीची जी पद्धत नवी म्हणून सांगितली जाते, ती या सुतारांची रोजची रीत होती.

सांगाडा उभा राहिला की मधल्या चौकटी भरायच्या. ओकच्या फाळलेल्या काठ्या उभ्या रोवायच्या, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या आडव्या विणायच्या आणि माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गारा दोन्ही बाजूंनी थापायचा. कोकणात कारवीचा कूड लिंपलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. झाड बदललं, हात तेच. वर चुन्याचा हात दिला की भिंत तयार. ही भिंत कशाचाही भार घेत नाही. पडली, ओलीने फुगली, तर काढून नवी घालायची. सांगाड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाच शतकांत अशा घरांच्या भिंती कितीदा तरी बदलल्या असतील. टिकला तो सांगाडा.

आता क्रमांक १६ची ठेवण पाहू. हे कोपऱ्यावरचं घर होतं. एडमंड स्ट्रीट आणि फ्रॉग स्ट्रीट जिथे मिळत तिथे ते उभं होतं. प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर थोडा पुढे आलेला. हे पुढे येणं केवळ शोभेचं नव्हतं. शहरातली जागा अरुंद आणि महाग, त्यामुळे वर चार हात जास्त मिळाले तर ते हवेच असत. पण सुताराच्या नजरेतून त्याचा आणखी एक फायदा होता. मजल्याच्या तुळया दोन टोकांवर टेकलेल्या असतील तर मधोमध वजन पडून त्या लचकतात. तीच तुळई भिंतीच्या पुढे काढली आणि तिच्या बाहेरच्या टोकावर वरच्या भिंतीचा भार ठेवला, तर बाहेरचं टोक खाली दाबलं जातं आणि मधला भाग वर उचलला जातो. लचक कमी होते. गणित मांडून नव्हे, पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनी हे ओळखलं होतं.

कोपऱ्यावर हे काम अवघड होतं. घर दोन्ही रस्त्यांकडे पुढे यायचं असेल तर तुळयांना दोन दिशांना जावं लागतं. त्यासाठी खोलीच्या आतून कोपऱ्याकडे कर्णरेषेत एक जाड तुळई टाकायची आणि दोन्ही बाजूंच्या छोट्या तुळया तिच्यात येऊन अडकवायच्या. या एका तुळईवर आणि तिच्याखालच्या कोपऱ्याच्या खांबावर सगळ्या घराची भिस्त असते. अशा खांबासाठी बरेचदा झाडाचं खोड उलटं उभं करत, म्हणजे मुळाकडचा रुंद बुंधा वर येई आणि इतके सांधे घ्यायला तिथे भरपूर लाकूड मिळे. माझ्या मते या घरात पाहण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल तर ते हा कोपराच. दर्शनी भागावरच्या नक्षीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कोपऱ्याखाली मान वर करून उभे राहणारे थोडे.

आणि तळाशी? पायाची तुळई दगडाच्या बुटक्या ओळीवर नुसती टेकलेली असते. या घराला जमिनीत गेलेली मुळं नाहीत. ते जमिनीवर ठेवलेलं असतं. पुढे १९६१ साली जे घडलं ते शक्य झालं ते या बांधणीमुळे.

क्रमांक १६ची जागा शहराच्या जुन्या इतिहासात मोक्याची होती. एक्स नदीवर सुमारे १२०० साली निकोलस आणि वॉल्टर जर्व्हेस या पितापुत्रांच्या पुढाकाराने दगडी पूल झाला. पुलावर सेंट एडमंडचं चर्च होतं, घरंही होती. पूल उतरून एडमंड स्ट्रीटने आलं की शहराची पश्चिम वेस, आणि वेशीतून आत शिरलं की स्टेपकोट हिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, मधून सांडपाण्याची नाली वाहणारा उभा चढ. कित्येक शतकं पश्चिमेकडून एक्सेटरला येणारा माणूस, घोडा, लोकरीचा गठ्ठा याच वाटेने वर चढला. नदीकाठी पाण्याचे पाट काढलेले, त्यांवर लोकरी कापड घट्ट करण्याच्या गिरण्या, रंगारी, विणकर. डेव्हनचं लोकरी कापड हे एक्सेटरच्या श्रीमंतीचं मूळ होतं. विणकर आणि कापड-कसबी यांच्या संघाचं १४७१चं सभागृह, टकर्स हॉल, आजही शहरात उभं आहे. वेशीबाहेरच्या त्या वर्दळीच्या वाटेवर, कोपऱ्याची जागा घेऊन बांधलेलं हे घर व्यापाऱ्याचं घर म्हणून ओळखलं जातं. अशा घरात तळमजल्यावर दुकान आणि वर राहणं, ही त्या काळातली सर्वसाधारण रीत.

मग वाट बदलली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीवर नवा पूल झाला, वाहतूक फोर स्ट्रीटने सरळ वर जाऊ लागली, आणि जुनी पेठ आडबाजूला पडली. १८१५ मध्ये पश्चिम वेस पाडली गेली. पैसेवाले वरच्या अंगाला गेले. मागे राहिले गरीब. एकेका जुन्या घरात खोलीगणिक एकेक कुटुंब राहू लागलं. १८३२च्या कॉलऱ्यात एक्सेटरमध्ये सुमारे चारशे माणसं मेली आणि नदीलगतच्या या भागाला त्याचा फटका जबर बसला. डॉक्टर थॉमस शॅप्टर यांनी त्या साथीचा इतिहास १८४९ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. शहरातल्या पाण्याची आणि गटारांची अवस्था त्यात तपशिलाने आली आहे.

वारसा म्हणून आपण ज्या घरांकडे आदराने पाहतो त्यांतली कितीतरी घरं गरिबीमुळे वाचली, ही गोष्ट वारशाच्या पुस्तकांत फार ठळकपणे येत नाही. ती यायला हवी. ज्या रस्त्यांवर पैसा होता तिथल्या मालकांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जुनी लाकडी घरं पाडून विटांची, सरळ चेहऱ्याची, मोठ्या खिडक्यांची घरं बांधली. जिथे पैसा नव्हता तिथे पंधराव्या शतकातला सांगाडा तसाच राहिला, कारण तो बदलणं कुणाला परवडत नव्हतं. त्या घरांनी जे दारिद्र्य पाहिलं त्याची किंमत तिथल्या माणसांनी मोजली. म्हणून १९२० आणि १९३०च्या दशकांत एक्सेटरच्या नगरपालिकेने ही वस्ती हटवायला घेतली, तेव्हा बर्नटहाउस लेनच्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांना नळाचं पाणी आणि उजेडाच्या खोल्या मिळाल्या, हे आधी मान्य करायला हवं. जुनी घरं गेल्याचं दुःख त्यानंतर येतं.

घरं आणि माणसं या दोहोंना वाचवण्याचा मार्ग त्या काळात कुणी फारसा शोधला नाही, ही माझी खरी तक्रार आहे. सांगाडा ठेवायचा, भिंती बदलायच्या, पाणी आणि गटार आत आणायचं, खोल्यांतली गर्दी कमी करायची. सांगाड्याच्या घरात हे सगळं इतर घरांपेक्षा सोपं असतं, कारण त्याच्या भिंती मुळात बदलण्यासाठीच असतात.

त्यानंतर युद्ध आलं. मार्च १९४२च्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी जर्मनीतल्या ल्युबेक या जुन्या, दाट वस्तीच्या शहरावर बॉम्ब टाकले, गावठाण पेटलं. त्याचा सूड म्हणून जर्मन विमानांनी इंग्लंडमधली ऐतिहासिक शहरं निवडली : एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी. एक्सेटरवर सर्वांत मोठा हल्ला झाला तो ४ मे १९४२च्या पहाटे. दीडशेहून अधिक माणसं गेली. शहराचा मध्यभाग जळाला, ग्रंथालय जळालं, कॅथेड्रललाही बॉम्ब लागला. दोन्ही देशांनी एकमेकांची जुनी शहरं जाळली, आणि दोन्हीकडे मेले ते तिथे राहणारे साधे लोक. एडमंड स्ट्रीटचं घर मात्र त्या आगीतून राहिलं.

बॉम्बमधून वाचलेलं घर रस्त्याच्या आखणीत सापडलं. युद्धानंतर मोटारी वाढल्या. शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारा रुंद रस्ता आणि नदीवर नवे पूल यांची योजना झाली, आणि एडमंड स्ट्रीट त्या रेषेत आला. आख्खा रस्ता पाडायचं ठरलं. क्रमांक १६ तेव्हा रिकामं, मोडकळीला आलेलं होतं. स्थानिक अभ्यासकांनी त्याच्याकडे लक्ष वेधलं की हे नुसतं जुनं घर नाही, शहरातल्या फारच थोड्या उरलेल्या मध्ययुगीन लाकडी घरांपैकी एक आहे. त्या वेळचा कायदा दुबळा होता. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक इमारतींच्या याद्या १९४० च्या दशकात सुरू झाल्या, पण यादीतली इमारत पाडायला आधी रीतसर परवानगी घ्यावीच लागेल असा नियम १९६८च्या कायद्याने आला. १९६१ साली घर वाचवायचं तर ते कुणाच्या तरी इच्छाशक्तीवर अवलंबून होतं. रस्ता हलणार नव्हता. म्हणून घर हलवायचं ठरलं.

दुसरा पर्याय होता तो सुटं करून पुन्हा उभारण्याचा, आणि सांगाड्याच्या घराला तो शोभतोही. वुस्टरशायरमधल्या ब्रॉम्सग्रोव्ह गावचं पंधराव्या शतकातलं व्यापाऱ्याचं घर १९६२ मध्ये असंच जागेवरून काढलं गेलं. त्याच्या पुनर्उभारणीतून ॲव्हनक्रॉफ्ट हे इमारतींचं संग्रहालय जन्माला आलं. पुढे केंटमधलं बेलीफ हे शेतघर धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं, तेही लाकूड लाकूड सोडवून ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात उभं केलं गेलं. या पद्धतीत प्रत्येक सांधा हाताळता येतो, अभ्यासता येतो. पण भरलेल्या चौकटी, गिलावा, मधल्या शतकांत लोकांनी घातलेल्या दुरुस्त्या बहुतेक गळून जातात, आणि जुन्या खुंट्या ठोकून काढताना सांध्यांना इजा होते ती वेगळी.

एक्सेटरने घर सबंध न्यायचं ठरवलं. इमारतींचे पाये मजबूत करण्यात नावाजलेल्या लंडनच्या पिनफर्ड कंपनीने ते काम घेतलं. आधी घराला बाहेरून पट्टे आवळले आणि आतून लाकडी आधार दिले, कारण पाचशे वर्षांच्या सांगाड्याला सर्वांत मोठा धोका वजनाचा नसतो, पिळवटण्याचा असतो. चौकोनाचा तिरका चौकोन झाला की कुसू तुटतात. मग खालून चौकट घातली, घर उचललं, चाकांवर घेतलं, रूळ टाकले आणि यंत्राने ओढायला सुरुवात केली. रस्ता चढाचा होता. घर कललं तर संपलंच. म्हणून दोन्ही बाजूंना द्रवदाबावर चालणारे जॅक होते. चढाप्रमाणे एक बाजू उंचावत, दुसरी खाली घेत, घर सतत ओळंब्यात ठेवलं जात होतं. त्या घरातला प्रत्येक सांधा कुणीतरी कधीकाळी डोळ्यांनी जुळवला होता. आता तो जपण्यासाठी माणसं इंचाइंचाने पुढे सरकत होती. यंत्रयुगाने जुन्या सुतारकामाला इतका मान क्वचितच दिला आहे.

घर वेस्ट स्ट्रीटवर, जुन्या पश्चिम वेशीच्या जागेजवळ येऊन थांबलं. समोर सेंट मेरी स्टेप्स हे चर्च, त्याच्या भिंतीवर सतराव्या शतकातलं, हलत्या पुतळ्यांचं घड्याळ, आणि शेजारून वर जाणारी स्टेपकोट हिल. तिच्या पायथ्याशी आणखी दोन मध्ययुगीन लाकडी घरं आधीपासून उभी होती. दुरुस्तीनंतर घर वापरात आलं. बरीच वर्षं तिथे लग्नाच्या पोशाखांचं दुकान होतं. हे मला फार बरं वाटतं. तळमजल्यावर दुकान चालणारं घर ही त्याची मूळची प्रकृती आहे, आणि लाकडी घराला माणसांचा वावर, वारा, नियमित डागडुजी लागते. कुलूप लावलेल्या घरात छपरातली एक गळती कुणाच्या लक्षात न येता तुळईच्या टोकापर्यंत पोचते, आणि तिथला कुसू कुजला की दुरुस्ती मोठी होते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. १९६४ मध्ये, या घटनेनंतर तीनच वर्षांनी, जगभरच्या जतन-तज्ज्ञांनी व्हेनिस इथे एक सनद तयार केली. तिच्या सातव्या कलमाचा आशय असा की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी काढता येत नाही. ती वाचवण्यासाठी तशी गरजच असेल, किंवा अत्यंत महत्त्वाचं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच तिला हलवावं. एक्सेटरचं घर या कसोटीला लावलं तर उत्तर दुहेरी येतं. हलवलं नसतं तर ते नष्ट झालं असतं, यात शंका नाही. पण कोपऱ्याचं घर म्हणून बांधलेलं हे घर आज आपल्या कोपऱ्यावर नाही. दोन रस्ते पाहण्यासाठी त्याने दोन बाजूंना अंग पुढे काढलं होतं, ते दोन्ही रस्ते उरले नाहीत. पुलावरून येणाऱ्याला शहराची चाहूल देणारं घर पुलापासून तोडलं गेलं. त्याच्या पायाखालची जमीन, जिच्यात पाच शतकांच्या रहिवाशांची फुटकी भांडी, चुलींची राख, शौचखड्डे असं सगळं असणार, ती मागे राहिली.

माझा निवाडा असा आहे : १९६१ मध्ये एक्सेटरने योग्य केलं, पण ते योग्य ठरलं त्याआधी अयोग्य केल्यामुळे. रस्त्याची रेघ आखताना पेठ मोजली असती, तर चाकांची वेळ आली नसती. एका घराच्या सुटकेची गोष्ट इतकी मनोवेधक आहे की तिच्या झगमगाटात त्याच रस्त्यावरची बाकीची घरं विसरली जातात, आणि ती कोणतीही फिल्म न निघता गेली.

त्या पाडापाडीतून एक भलं मात्र झालं. नव्या पुलांसाठी परिसर मोकळा करताना मध्ययुगीन दगडी पुलाच्या कमानी उघड्या पडल्या. नवे दोन पूल १९६९ आणि १९७२ मध्ये झाले, आणि जुन्या पुलाचा जवळजवळ निम्मा भाग, सेंट एडमंड चर्चच्या अवशेषांसह, जपला गेला. कमानींवरून आता चालत जाता येतं.

एक्सेटरला जाणं झालं तर सुरुवात तिथूनच करा. आधी पुलाच्या कमानी पाहा, मग वाहनांचा रुंद रस्ता ओलांडून वेस्ट स्ट्रीटवर या. घरासमोर आलात की रस्त्याच्या पलीकडे न थांबता भिंतीपाशी जा आणि कोपऱ्याचा खांब, त्याच्यावर येणाऱ्या तुळयांची टोकं आणि खुंट्यांची डोकी नीट पाहा. दहा मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही.